समोरच्या पानावरचा डाग

मामा आता पुन्हा दोन्ही वेळा नीट जेवतो, मामीवर खेकसतो आणि बेकरीसमोरून मान वर करून जातो, म्हणून हे सांगायला हरकत नाही. मधल्या दिवसांत त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्याच्या खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे वर काय चाललंय ते मला न विचारता कळतं. तेव्हा वर काहीच चाललेलं नव्हतं, आणि तीच काळजीची गोष्ट होती.

माझा मामा दातांचा माणूस. डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि मामा त्यावरून कवळ्या बनवायचा. त्याच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा लागलेल्या असायच्या. लहानपणी मी तिथे पाऊल टाकायचे नाही. सगळे जबडे एकदम मला हसताहेत असं वाटायचं. मामाला मात्र त्या खोलीबाहेरचं जग जरा अपुरंच वाटत असावं. रस्त्यात कुणी भेटलं की तो आधी तोंडाकडे बघतो, मग डोळ्यांकडे. नवख्या माणसाला वाटतं, बहिरा दिसतोय, ओठ वाचतोय बिचारा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईने त्याला विचारलं, "काय रे, कसा वाटला मुलगा?" तर म्हणाला, "उजवीकडची खालची दाढ गेलीय. बाकी ठीक." तीच दाढ घेऊन मी आजवर संसार करतेय.

पुढे त्याची बोटं थरथरायला लागली आणि काम सुटलं. काम सुटलं तसा तो घरातल्या डब्यांची झाकणं नीट बसतात का ते तपासत हिंडू लागला. मामी माझ्याकडे आली. "अगं, ह्या माणसाच्या हातात काहीतरी दे बाई," म्हणाली. "काल मला विचारत होते, भाजी चिरताना सुरी तिरकी का धरतेस."

मी माझा जुना कॉम्प्युटर वर नेऊन दिला आणि जुने फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर दाखवलं. चार गोष्टी मी शिकवल्या, पाचवीपासून तो मला शिकवू लागला. पडद्यावर काडीएवढी चीर दाराएवढी मोठी करता येते. मग बोट थोडं थरथरलं तरी बिघडत नाही. मामाला हे कळलं त्या दिवशी तो इतका खूश झाला की मामीला म्हणाला, "सुरी कशीही धर."

त्यानंतरच्या वर्षी नदी खालच्या गल्ल्यांमध्ये शिरली. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या गच्चीवर टाकल्या आणि अल्बम दोरीवर. फोटोंचे नुसते लगदे झाले होते. तेव्हा ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी फोनवर एक ग्रुप काढला, 'ओले अल्बम' नावाचा. पुरात खराब झालेले घरचे फोटो फुकट दुरुस्त करून द्यायचे. मी मामाला त्यात घातलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने मला त्यातून काढ म्हणून सांगितलं.

कारण होतं लाल वर्तुळ. ग्रुपची पद्धत अशी की दुरुस्त केलेला फोटो आधी ग्रुपवर टाकायचा, शेजारी मूळचा लावायचा. मग बाकीचे जण जिथे चूक दिसेल तिथे लाल वर्तुळ काढतात. वर्तुळं संपेपर्यंत फोटो घरच्यांकडे जात नाही. सगळ्यात जास्त वर्तुळं काढायच्या त्या एक निवृत्त चित्रकलेच्या बाई. मामाने त्यांचं नाव ठेवलं लालबाई. प्रत्यक्षात दोघं कधी भेटलेली नाहीत, पण भांडण सख्ख्या शेजाऱ्यांचं.

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!" मामा पडद्याकडे बघून म्हणायचा. "कान जरा मोठा झाला म्हणे. त्या माणसाचा कान मोठाच असेल!"

मग गुपचूप कान लहान करायचा.

लालबाईंचे नियम दोन. जे फोटोत नाही ते आपल्या मनाने घालायचं नाही. आणि मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढायची, काम प्रतीवर करायचं. पहिला नियम मामा तोंडदेखला पाळायचा. दुसरा त्याच्या हाडात शिरतच नव्हता. कवळीच्या कामात माप घेतलेला साचा कवळी तयार झाली की फोडून टाकतात. साचे जपून ठेवायचे तर राहायचं कुठे? मामाने अख्खी हयात साचे फोडले. त्यामुळे फोटो दुरुस्त झाला की तो जुन्यावरच नवा सेव्ह करायचा, आणि घरच्यांना वर सल्ला द्यायचा, "आता जुना टाकून द्या. बुरशी असते, बाकीच्यांना लागते." मी एकदोनदा टोकलं होतं. मला म्हणाला, "तू तुझं बघ."

अशात बेकरीवाल्या ताई आल्या.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर बसतात त्या. बोलायला गोड, पण हसल्या की हात तोंडावर. वरचे पुढचे दोन दात एकावर एक चढलेले आहेत, एवढंच. मामाच्या डोळ्यांना ते दात कित्येक वर्षं खुपत होते. पाव घ्यायला गेला की सुरू, "ताई, एक दात काढायचा, तिथे सरळ बसवायचा. कळणारही नाही." त्या हात तोंडावर ठेवून हसायच्या आणि सुटे पैसे परत द्यायच्या. यंदा मुलीचं लग्न ठरलं आणि त्या एकदम तयार झाल्या. फोटोत कसं दिसेल म्हणून. मामाने आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे स्वतः फोन करून गुरुवारची वेळ घेतली. लॉटरी लागल्यासारखा सगळ्यांना सांगत होता.

त्याच सुमाराला त्यांनी पुरातला अल्बम आणून दिला. एका पानावर वडिलांचा फोटो होता, नवी सायकल धरून भिंतीला टेकून उभे. समोरच्या पानावर आई पायरीवर बसलेली. आई गेली तेव्हा ताई रांगत होत्या. आईचा फोटो हा एवढा एकच, तोही काडेपेटीहून जरा मोठा, त्यातला चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. पाण्याने त्या नखाचाही अर्धा नेला होता. डोळे होते, नाक होतं, आणि नाकाखाली गळ्यापर्यंत पांढरं.

"काका, मला आई आठवत नाही हो," ताई म्हणाल्या. "आठवतो तो हा फोटो. हसत होती, एवढं माहितीये. पण पाणी शिरल्यापासून डोळे मिटले तरी खालचा चेहरा येतच नाही. फोटोतून गेला तो डोक्यातूनही गेला बघा. लग्नाच्या आधी होईल का काही?"

"होईल म्हणजे? झालाच समजा," मामा म्हणाला. शब्द देऊन बसायची त्याची जुनी खोड.

सोपं काम आधी म्हणून त्याने सायकलचा फोटो घेतला. भिंतीवर एक तपकिरी डाग होता, नखाएवढाच. तो मामाने इतका सफाईने काढला की भिंतीचं एकेक ढेकूळ जुळलं. ग्रुपवर वाहवा झाली, लालबाईंनीसुद्धा एकही वर्तुळ काढलं नाही. मामाने तो मोठा छापून घेतला आणि जुन्यासकट ताईंना दिला. वर नेहमीचा सल्ला दिलाच.

मग आईचा चेहरा. तीन-चार दिवस मामाचं दार बंद. शेवटी मला वर बोलावलं आणि पडदा दाखवला. बाई छान हसत होती. सरळ, एकसारखे, चमकदार दात. मला का कोण जाणे, ते दात ओळखीचे वाटले.

मामी चहा घेऊन आली. तिने पडद्याकडे बघितलं, मग काचेच्या कपाटाकडे, मग मामाकडे.

"अहो," ती म्हणाली, "त्या कपाटातली नमुन्याची कवळी घातलीत ना बाईला?"

मामाने चहाचा कप तोंडाला लावला. त्याने खरंच कवळीचा फोटो काढून, काळापांढरा करून, त्या पायरीवरच्या बाईच्या तोंडात बसवला होता. बसवला होता अगदी बेमालूम, ते नाकारता येणार नाही.

ग्रुपवर फोटो टाकल्यावर पाच मिनिटांत लाल वर्तुळ आलं. तोंडाभोवती, जाडजूड. खाली लालबाईंचा आवाज, "दातवाले, हे तोंड कुठून आलं?"

"अख्खी हयात लोकांना तोंडं देत आलोय मी!" मामा फोनमध्ये ओरडला. "विसाव्या वर्षीच्या बाईला कसे दात असतात ते मला सांगू नका."

"असतात कसे ते विचारलं नाही. हिचे कसे होते ते विचारतेय," बाई म्हणाल्या. "मुलगी ह्या चेहऱ्याला आई समजेल उरलेला जन्म. तुमच्या हातचे दात म्हणून नाही समजणार." मग विचारलं, "अल्बम बंद असताना भिजला ना? मग चेहऱ्याचा वरचा थर समोरच्या पानाला चिकटून आला असेल. समोर काय होतं?"

मामाचा हात कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याही तोंडचं पाणी पळालं. समोर सायकल होती. भिंतीवरचा तपकिरी डाग.

ग्रुपवर त्या फोटोचं मूळ रूप होतं, पण फोनवर टाकलेलं, बारीक आणि फाटकं. लालबाईंनीच ते घेतलं. सायकलचा फोटो अल्बमात आडवा लावलेला होता असं मी सांगितलं, म्हणून त्यांनी तो फिरवला, मग आरशातल्यासारखा उलटा केला. डाग आता सरळ उभा राहिला. खाली हनुवटी, वर ओठांची रेघ. याहून जास्त काही दिसत नव्हतं. पण डाग नव्हता तो. ती होती.

"मोठा स्कॅन पाठवा तुमच्याकडचा," बाई म्हणाल्या.

मोठा स्कॅन मामाने पुसला होता. त्याच्याच वर नवा सेव्ह करून. आणि मूळ फोटो टाकून द्या असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही ताटावर बसला आणि उठला. "ज्या बाईने जन्मभर तेवढं एक जपलं," तो मला म्हणाला, "तिचं ते पुरानेसुद्धा ठेवलं होतं गं, भिंतीवर चिकटवून. मी पुसलं. आणि वर शाबासकी घेतली." मला त्याचा राग आला होता, सांगितलेलं न ऐकल्याचा, पण त्याचा आवाज ऐकून राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "चल, आधी विचारू तर." तो म्हणाला, टाकलाच असेल, तोंड कसं दाखवू? मामी आतून म्हणाली, "कवळी घालून दाखवा. उठा आता!"

बेकरीत गर्दी नव्हती. मामाने आडवळण घेतलं नाही, हे मला आवडलं. काउंटरवर दोन्ही हात ठेवून त्याने सगळं सांगितलं, डाग, सायकल, पुसणं, सगळं. कवळीचंही. ताई ऐकत होत्या. हातातली कागदी पिशवी त्यांनी हळूहळू दुमडून एवढीशी केली.

"म्हणजे आईचं तोंड बाबांच्या फोटोवर होतं?"

"होतं. जुना फोटो आहे का तुमच्याकडे?"

"नाही हो काका. तुम्हीच म्हणालात ना टाका. फ्रेमवाल्याकडे दोन्ही नेले होते. नवा लावा, जुना टाकून द्या म्हटलं मी त्याला."

मी मामाचा दंड धरला. ताईंनी एप्रन सोडला, आतल्या माणसाला हाक मारून काउंटर सांभाळायला सांगितलं आणि आमच्यापुढे चालू लागल्या. रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

फ्रेमवाला म्हणजे एक तिरसट प्राणी. काच कापत होता. मामाने विचारलं, जुना फोटो कुठे टाकलात, कचरा कधी जातो, कुठे जातो. फ्रेमवाल्याने काच पुरी कापून घेतली, मगच वर बघितलं.

"मी काही टाकत नाही," तो म्हणाला. "एकदा एकाने टाका सांगितलं, टाकला. चार दिवसांनी दारात उभा, आणा माझ्या आजोबांना! महिनाभर डोकं खाल्लं. तेव्हापासून लोक टाका म्हणाले की हो म्हणतो, आणि नव्याच्या पाठीमागे जुना ठेवून खिळे मारतो. तुमचा तुमच्या घरी, भिंतीवर."

"भिंतीवर?" मामा म्हणाला.

"फ्रेमच्या आत हो. जा आता, मला काम आहे."

माझा जीव भांड्यात पडला म्हणेन, पण मामाचं बघायला हवं होतं. त्याने त्या तिरसट माणसाचे दोन्ही हात धरले आणि हलवत राहिला. फ्रेमवाला म्हणाला, "अहो, काच आहे, काच!" काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही तिघं वेड्यासारखे हसत रस्त्यावर आलो. ताईंचा हात तोंडावर होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यांच्या घरात पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, कमरेएवढी. फ्रेम तिच्या वर. ताईंनी ती उतरवून टेबलावर पालथी घातली. मामाने खिळे मला काढायला लावले. "माझी बोटं नकोत आज," म्हणाला. पुठ्ठा निघाला आणि त्याच्याखाली तो चिमुकला फोटो, सायकल, वडील, आणि भिंतीवर तपकिरी नख. ताईंनी त्याला हात लावला नाही. फक्त खाली वाकून बघितलं, खूप वेळ.

यावेळी मामाने स्कॅन केला आणि आधी तीन ठिकाणी त्याच्या प्रती ठेवल्या. एक माझ्याकडे, एक ग्रुपवर, एक लालबाईंकडे, आणि त्यांना बरोबर निरोप, "बाई, वर्तुळं काढायची. हयगय नको." बाईंनी हयगय केली नाही. हनुवटी किंचित खाली आली, वर्तुळ. ओठाच्या कडेची चीर बुजवताना ओठ जाड झाला, वर्तुळ. मामा एकदाही उंट, शेळ्या काही म्हणाला नाही. जिथे खरोखरच काही उरलं नव्हतं, गालाच्या कडेला थोडंसं, तिथे त्याने ते तसंच फिकट राहू दिलं. शेवटी ग्रुपवर फोटो गेला आणि वर्तुळ आलं नाही. बाईंचा एवढाच निरोप आला, "आता पाठवा. आणि जेवा."

ताईंना त्याने घरी बोलावलं. मामीने खुर्ची पुढे ओढली. त्या बसल्या, आणि मामाने चेहरा पडद्यावर मोठा केला, कागदावर कुणीच कधी बघितला नव्हता एवढा मोठा.

पायरीवरची बाई हसत होती. तोंड जरा उघडं, जणू फोटो काढणाऱ्याला 'पुरे की आता' म्हणतेय. आणि वरचे पुढचे दोन दात एकावर एक चढलेले. डावा उजव्यावर. जसेच्या तसे.

नखाएवढ्या चेहऱ्यात ते कधी दिसलेच नव्हते कुणाला. ताईंनी पडद्याजवळ तोंड नेलं. मग जीभ आपल्या दातावरून फिरवली, इकडून तिकडे. ते मला दिसलं. मामी पदराआड सरळ रडत होती.

"बाबा कधी बोललेच नाहीत," ताई म्हणाल्या. "मी हसले की उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, माझे दात वाईट दिसतात म्हणून."

मामी डोळे पुसत म्हणाली, "आणि आमच्या ह्यांनी कवळी घातली होती तिला!" त्यावर ताई खो-खो हसल्या. हात सवयीने वर आला, अर्ध्यावर थांबला आणि मांडीवर जाऊन पडला.

"काका," त्या म्हणाल्या, "ती गुरुवारची वेळ..."

मामाने त्यांना पुरं बोलू दिलं नाही. फोन उचलला आणि डॉक्टरांना लावला. गुरुवारच्या बाई येणार नाहीत म्हणून सांगितलं. पलीकडून डॉक्टरांनी विचारलं असावं, का हो, घाबरल्या का, तुम्हीच तर एवढे मागे लागला होता.

"नाही, घाबरल्या नाहीत," मामा म्हणाला. "तो दात त्यांच्या आईचा आहे."